पॉलिमरच्या पेपरात पहिला धडा सरासरीचाच का?

एमएस्सीला पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेल्या लांब साखळ्या, हा विषय घेतला की सुरुवातीलाच एक धडा येतो आणि वर्ग बुचकळ्यात पडतो: सरासरी रेणुभार. पाण्याचा रेणुभार 18, ग्लुकोजचा 180, हे इतकी वर्षं पाठ झालेलं असतं. इथे एकाच पदार्थाला दोन रेणुभार निघतात. 1000 रेणुभाराची एक साखळी आणि 9000 ची एक साखळी घेतली, तर साखळ्यांच्या संख्येवरून सरासरी येते 5000 आणि वजनावरून, म्हणजे जड साखळीला तिच्या वजनाइतका जास्त वाटा दिला तर, 8200. मग खरा कोणता, असं कुणीतरी विचारतंच. दोन्ही खरे. प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, कारण त्याच्यापाशी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ अडले होते आणि हा विषय विद्यापीठात उशिरा आला त्याचं मोठं कारणही तेच.

कारखाने अर्थातच कुणासाठी थांबले नाहीत. रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं हे गुडइयरला 1839 मध्ये सापडलं होतं. बेकलंडने 1907 मध्ये बेकेलाइट हे प्लास्टिक बनवलं. अमेरिकेत टायरचं गाव असलेल्या अ‍ॅक्रनच्या कॉलेजात 1909 पासून रबराचं रसायनशास्त्र शिकवलं जात होतं. पण रबराचा रेणू असतो कसा, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या काळच्या प्राध्यापकांची शुद्ध पदार्थाची कसोटी कडक होती. त्याचे स्फटिक व्हावेत, वितळणबिंदू ठरलेला असावा, रेणुभार एकच असावा. रबर आणि सेल्युलोज या कसोटीवर नापास. म्हणून समजूत अशी झाली, की हे लहान रेणूंचेच पुंजके आहेत, कसल्याशा दुबळ्या ओढीने एकत्र राहिलेले. झुरिकला शिकवणाऱ्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये याच्या उलट लिहिलं: हे पुंजके नाहीत, नेहमीच्याच रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत. हाइनरिख वीलांड यांनी त्यांना सल्ला दिला, की मोठ्या रेणूंचा नाद सोडा, रबर नीट शुद्ध करा, त्याचे स्फटिक होतील. 5000 रेणुभाराच्या वरचे सेंद्रिय रेणू नसतातच, असं त्यांचं म्हणणं. वीलांड काही साधे गृहस्थ नव्हते, पुढे त्यांना नोबेल मिळालं. 1926 मध्ये फ्रायबुर्गला श्टाउडिंगर आले ते वीलांड यांच्याच जागेवर.

श्टाउडिंगर यांचा 1922 चा प्रयोग मला फार देखणा वाटतो. रबरातले पुंजके दुहेरी बंधांच्या ओढीने टिकतात असं विरोधक म्हणत. ठीक, मग हायड्रोजन जोडून ते दुहेरी बंधच काढून टाकू! पुंजके असतील तर ते सुटतील आणि हातात सहज उकळणारा द्रव येईल. तसं झालं नाही. हायड्रोजन जोडलेलं रबरही रबरासारखंच वागलं, उकळून वेगळं होईना.

त्यांनी वापरलेलं दुसरं हत्यार आजही पॉलिमरच्या प्रॅक्टिकलला हातात येतं. काचेचा व्हिस्कोमीटर, पाण्याचं स्थिर तापमान आणि स्टॉपवॉच. द्रावण वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साखळी जितकी लांब तितकं द्रावण आळसावतं. त्याआधी पॉलिमर विरघळवायलाच रात्र जाते. तो आधी फुगतो, जेलीसारखा होतो आणि मग सावकाश सुटतो. घाई केली की गाठी होतात आणि सकाळी सगळं पहिल्यापासून. श्यानतेवरून, म्हणजे द्रावणाच्या दाटपणावरून, रेणुभार काढायचा श्टाउडिंगर यांचा नियम फार सोपा होता, नंतर मार्क आणि हाउविंक या शास्त्रज्ञांनी त्यात घातांक आणला. वहीत आपण वापरतो ते हेच दुरुस्त समीकरण.

यातले हेर्मान मार्क व्हिएन्नाचे. नाझी आल्यावर 1938 मध्ये त्यांनी देश सोडला. प्लॅटिनमची तार कोटाच्या हँगरसारखी वाकवून तिच्यावर कपडे टांगले आणि जवळचा पैसा तसा सीमेपार नेला. कॅनडामार्गे ते 1940 मध्ये ब्रुकलिनला पोचले आणि 1946 मध्ये तिथे त्यांनी पॉलिमरची संशोधन संस्था उभी केली. विषयाला विद्यापीठात स्वतःचं घर मिळालं ते असं.

सरासरी का, याचं उत्तर मात्र कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं. हार्वर्डची नोकरी सोडून 1928 मध्ये ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत गेलेल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्स यांनी ओळखीच्या अभिक्रिया वापरून एकेक कडी जोडली; 1935 चं नायलॉन त्यातूनच निघालं. त्यांच्या हाताखालच्या पॉल फ्लोरी यांनी 1936 मध्ये गणित मांडलं: कोणत्या साखळीला पुढची कडी मिळेल हा योगायोगाचा मामला, म्हणून लांबी कमीजास्त होणारच. नायलॉनसारख्या पॉलिमरमध्ये 95 टक्के अभिक्रिया झाली तर साखळी सरासरी 20 कड्यांची, 99 टक्के झाली तर 100 ची. म्हणजे हे मिश्रण अशुद्धी नव्हे, तो पदार्थाचा स्वभाव आहे. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं 1953 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी. फ्लोरी यांना 1974 मध्ये.

आपल्याकडे 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाच्या द्रावणातल्या रेणूंच्या पुंजक्यांचे जाणकार होते. पुंजके असतातच, फक्त रबर हा पुंजका नव्हे. यूडीसीटीतच शिकलेले रघुनाथ माशेलकर 1976 मध्ये या प्रयोगशाळेत आले आणि पॉलिमरच्या प्रवाहाचं काम इथे वाढलं. वसंत गोवारीकर तर अग्निबाणाच्या घन इंधनातले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1986 मध्ये लिहिलेलं पाठ्यपुस्तक आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पॉलिमरसाठी वाचलं आहे.

जळगावच्या विद्यापीठातही एमएस्सीला पॉलिमर रसायनशास्त्र शिकता येतं, आणि जळगाव म्हणजे पीव्हीसी पाइपचं आणि प्लास्टिकच्या चटयांचं गाव. पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे दाणे पुन्हा पुन्हा वितळवले की साखळ्या तुटतात, सरासरी रेणुभार खाली येतो. हे पाहायला कारखान्यात एमएफआयचं (मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) छोटं यंत्र असतं: 230 अंश तापमान, वर 2.16 किलोचं वजन, खालून बारीक छिद्रातून उतरणारी धार. ठरल्या वेळेने ती कापायची, तुकडा तराजूवर ठेवायचा, दहा मिनिटांना किती ग्रॅम ते लिहायचं. आकडा वाढला, की साखळ्या आखूड झाल्या.