लसूणघासाला पाणी लागतच नाही? असं नाहीये बरं का

"लसूणघास दुष्काळातला आहे, एकदा लावला की पाण्याकडे बघायचंच नाही" हे या चाऱ्याच्या पिकाबद्दल इतक्या वर्षांपासून ऐकतोय की आता नीट सांगावंसंच वाटतं, कारण यामुळे कितीतरी जणांची कोवळी रोपं वाळून जातात. दुष्काळ सहन करतो म्हणजे मरत नाही, वाढतो असं नाही! त्याचं सोटमूळ काही मीटर खोल जातं, पाणी संपलं की तो वरची वाढ थांबवून गप्प बसतो आणि ओल मिळाली की बुडख्यातून परत फुटतो, पण भरपूर चारा हवा असेल तर हेच पीक पाणीही भरपूर पितं.

आणि हे सगळं मूळ खोल गेल्यावर हं. पेरणीनंतरचे पहिले काही महिने मूळ वरच्याच थरात असतं, तेव्हा ओल टिकवायलाच लागते. फक्त पाणी साचू देऊ नका, साचलं की मुळं कुजतात, तहानेपेक्षा ते जास्त घातक.

अजून एक, द्विदल आहे म्हणून नत्र आपोआप मिळतं असंही नाही, मुळांच्या गाठींत रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू, पाहिजेत. एखादं रोप हलक्या हाताने खणून काढा, बारीक मुळांवरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही, मग पुढच्या वेळी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळूनच पेरा.