खान्देशातला उन्हाळा आणि चर्चमधला जुना ठेवा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हवा इतकी कोरडी होते की लाकडी दारं आकसतात आणि मग पाऊस लागला की तीच दारं फुगून चौकटीत अडकतात. हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, पण चर्चमधल्या जुन्या लाकडी क्रूसाचं, रंगवलेल्या मूर्तीचं पण दरवर्षी हेच होतं आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

लाकूड लांबीला जवळपास हलतच नाही, आडवंच फुगतं. वरचा रंग आणि त्याखालचा खडूचा थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून तडे जातात, पोपडे निघतात. हस्तिदंताचंही असंच. नुसत्या गरमीपेक्षा ओलाव्याचा चढउतार जास्त घातक, आणि संग्रहालयाचं निम्मं काम तो चढउतार कमी ठेवणं हेच असतं.

ओल्ड गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटच्या, म्हणजे नन्सच्या जुन्या मठाच्या आवारात ख्रिश्चन आर्टचं म्युझियम आहे. १९९४ ला ते गोव्यातच राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत सुरू झालं, २००२ ला इथे आलं. हस्तिदंताच्या मूर्ती, चांदीची उपासनेची भांडी, जरीकाम केलेले धर्मगुरूंचे झगे, सगळं तिथे सांभाळून ठेवलंय. चांदीचं सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो, आपण सणाआधी पावडर लावून खसाखसा घासतो, भांडं लखलखतं, पण त्या थराबरोबर चांदी पण जाते, थोडी थोडी करत नक्षी पुसट होते. लोकरीत गुंडाळून किंवा रबर बँड लावून ठेवलं तर आणखी वाईट, कारण त्या दोन्हींतूनच गंधक बाहेर पडतं.

व्हॅटिकनने २००१ मध्ये चर्चच्या संग्रहालयांबद्दल एक पत्रक काढलं होतं, त्यात या वस्तू उपासनेपासून आणि तिथल्या समाजापासून तोडू नयेत यावर भर होता. मला हे फार पटतं. काचेमागे ठेवलेला प्याला कोणत्या चर्चमधला, कोणत्या विधीत वापरायचे, हे लिहून ठेवलं नाही तर उरते ती फक्त चांदी.

आपल्या खान्देशात हस्तिदंत कुठून येणार, पण मिशनच्या काळातली चर्चेस धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आहेत, आणि अशा चर्चमधला खरा ठेवा कागदाचा: बाप्तिस्म्याची, लग्नाची रजिस्टरं, गायनाची जुनी पुस्तकं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा व्हायला लागला, त्यात तुरटी आणि राळ घालायचे, त्यातून तयार होणारं आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्याच्या, साखळ्या तोडत राहतं. म्हणून पानं पिवळी पडतात आणि दुमडली की कटकन तुटतात, आणि गरमीत ही क्रिया अजून जोरात चालते. पत्र्याखालच्या कपाटात किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून अशी रजिस्टरं ठेवू नका, आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, आम्लमुक्त खोक्यात ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा गोंद कागदात मुरतो आणि मग निघता निघत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी पान न् पान नीट उजेडात फोटो काढून घ्या, कारण एखाद्या पाड्यावरच्या कुटुंबाच्या तीन-चार पिढ्यांची नावं कदाचित तेवढ्याच एका वहीत असतील.