कॉमेंट पुसून कंपाइल वेगात होत नाही

"कॉमेंट कमी लिही, कंपाइल लवकर होईल," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि नवी मुलं बिचारी उपयोगाच्या कॉमेंट, म्हणजे कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपा, पुसून टाकतात. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, प्रत्येक कॉमेंटच्या जागी एक स्पेस धरतो आणि पुढे जातो. त्यात जाणवण्याइतका वेळ जातच नाही.

खरा भार हेडरचा, म्हणजे कोडच्या सुरुवातीला जोडून घेतलेल्या तयार फाइलींचा. सी++ मधला पाच ओळींचा 'हॅलो वर्ल्ड' घ्या आणि जीसीसी या कंपायलरला 'मायनस कॅपिटल ई' (-E) हा हेडर उलगडून दाखवणारा पर्याय देऊन बघा: एकट्या आयओस्ट्रीम या हेडरमुळे हजारो ओळी स्क्रीनवरून धावतात. कोडिंग स्पर्धांच्या सवयीने 'बिट्स'वालं हेडर (bits/stdc++.h) टाकलंत, तर जवळपास अख्खी स्टँडर्ड लायब्ररीच, म्हणजे सी++ सोबत येणारा तयार कोडच, वाचली जाते. म्हणून लागतील तेवढीच हेडर ठेवा. विंडोजवर कंपाइल होऊन बनलेली नवी एक्झी फाइल अँटिव्हायरसच्या तपासणीतही अडकू शकते, तेही पाहा.