कॉक्सी म्हणजे जंत नव्हेत, कितीदा सांगायचं

कोंबडीच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं की सल्ला ठरलेला, "जंत झालेत, जंताचं औषध पाजा". सांगणारा एवढ्या ठामपणे सांगतो की ऐकणारा लगेच बाटली आणायला पळतो, मग औषध पाजून दोन-तीन दिवस वाट बघण्यात जातात आणि तेवढ्यात अर्धी पिल्लं माना टाकतात. कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिऑसिस, ज्याला आपण रक्ती हगवण म्हणतो, तो आजार वेगळा आणि जंत वेगळे. दोन्हींत कोंबडी पिसं फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसते, दोन्हींत तुरा फिका पडतो, दोन्हींत हगवण लागू शकते, म्हणून लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. पण एकाच्या औषधाने दुसऱ्याचा केसही वाकडा होत नाही.

जंत तुम्हाला माहीत आहेत. आतड्यातला मोठा गोल जंत डोळ्यांना सरळ दिसतो, मादी ७ ते १२ सेंमीपर्यंत वाढते, कधी शिटेत पडलेला सापडतो. त्याची अंडी शिटेतून जमिनीवर येतात, दोन-तीन आठवडे तिथेच तयार होतात, मग दुसरी कोंबडी ती चोचीने उचलते आणि तिच्या पोटात जंत पूर्ण वाढायला आणखी महिना-दोन महिने जातात. म्हणजे सगळा संथ कारभार. कोंबडी खाते पण अंगाला लागत नाही, अंडी कमी होतात, हळूहळू खंगते.

आता कॉक्सी. हा जंतच नाही, आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. आणि तो आतड्याच्या पोकळीत जंतासारखा पडून राहत नाही, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या आत शिरतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. रक्त येतं ते तिथून. आता विचार करा, पायपरॅझिन आणि लेव्हामिसोल ही जंताची औषधं काम कशी करतात? जंताचे स्नायू लुळे पाडतात, जंत सुटतो आणि शिटेबरोबर बाहेर पडतो. ज्याला मुळात स्नायूच नाहीत त्याचं लुळं काय पाडणार? फेनबेंडाझोल या जंताच्या तिसऱ्या औषधाची तऱ्हा वेगळी आहे पण कॉक्सीपुढे निकाल तोच. "ब्रॉड स्पेक्ट्रम" असं बाटलीवर लिहिलेलं असतं ते वेगवेगळ्या जातींच्या जंतांबद्दल असतं, जगातल्या प्रत्येक परजीवीबद्दल नाही.

मग "आमच्याकडे तर जंताच्या औषधाने रक्त थांबलं" असं छातीठोकपणे सांगणारे इतके का भेटतात? खरी गोम इथेच आहे. कॉक्सीचा एक फेरा ठरावीक असतो. पिल्लाने आयमेरियाची अंडी गिळल्यापासून चार-पाच दिवसांनी रक्त दिसायला लागतं, आणि आठवडाभरात तो परजीवी आपलं काम उरकून नवीन अंडी टाकून मोकळा होतो. जे पिल्लू तोवर तगलं ते आपोआप सावरायला लागतं, वर त्या जातीच्या आयमेरियाविरुद्ध त्याच्यात प्रतिकारशक्तीही येते. म्हणजे रक्त दिसल्यावर तुम्ही जंताचं औषध द्या, व्हिनेगर द्या, भोपळ्याच्या बिया कुटून घाला नाहीतर नुसते हात जोडून बसा, वाचणारी पिल्लं तीन-चार दिवसांत बरी दिसणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आणि जी मेली त्यांचा हिशोब कोणी सांगत नाही, "ती आधीच कमजोर होती" म्हणून विषय संपतो.

कॉक्सीवरचं नेहमीचं औषध म्हणजे अँप्रोलियम. ते दिसायला जीवनसत्त्व ब-१ सारखं असतं, परजीवी ब-१ समजून ते आत घेतो आणि उपाशी मरतो. हे एवढं समजलं की माझी सगळ्यात मोठी चीड तुम्हालाही येईल, ती म्हणजे अँप्रोलियमच्याच पाण्यात "ताकद यावी म्हणून" मल्टिव्हिटॅमिन ढवळणारे लोक. अरे, ज्याचा तुटवडा करायचाय तेच वरून ओतताय! व्हिटॅमिन कोर्स संपल्यावर द्या, तेव्हा जरूर द्या. औषध खाद्यातून नाही, पाण्यातूनच द्या, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी बराच वेळ पितं. २०% पावडर असेल आणि लागण जोरात असेल तर साधारण लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग त्याच्या पाव प्रमाणात आणखी आठवडा-दोन आठवडे. पण पाकिटावरची टक्केवारी आधी वाचा, सगळी पाकिटं २०% ची नसतात. रोज ताजं करा आणि दुसरं कुठलंही पाणी समोर ठेवू नका. पिल्लांना कॉक्सीची लस दिलेली असेल तर हे उगाच आधीपासून चालू करू नका, लसीवर पाणी पडतं.

ओळखायचं कसं? रक्ताच्या आधी वय बघा. ३ ते ८ आठवड्यांची पिल्लं, काल उड्या मारत होती आणि आज गोळा होऊन बसलीत, तर पहिला संशय कॉक्सीचाच. दोन वर्षांची अंड्यावरची कोंबडी महिनाभर हळूहळू सुकत असेल तर जंताचं बघा. मोठ्या कोंबड्या बहुतेक वेळा कॉक्सी पचवून बसलेल्या असतात, मात्र बाहेरून नवीन आणलेली, जिने तुमच्या जमिनीवरच्या जाती कधी बघितल्या नाहीत, ती मोठी असूनही पडू शकते. मग कोंबडी उचला, उलटी नका धरू, काखेत घ्या आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस आटून हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ही गोष्ट आठवड्यांची आहे, दोन दिवसांची नाही. कॉक्सीने अचानक पडलेल्या पिल्लाच्या छातीला मांस बरेचदा शाबूत असतं.

रक्ताबद्दलही दोन शब्द. दर आठ-दहा शिटांमागे एक शिट गडद तपकिरी, चिकट, भयंकर वासाची येते, ती आंधळ्या आतड्यातली (सीकम, आतड्याला जोडलेल्या दोन बंद पिशव्या) आणि अगदी नॉर्मल, तिचा फोटो काढून कोणाला घाबरवू नका. कधीमधी नारिंगी-गुलाबी सालपट पडतं, ते आतड्याचं झडलेलं अस्तर, थोडंसं असेल तर सोडून द्या. शंका आली तर शिट पांढऱ्या कागदावर घेऊन पाण्याचा थेंब टाकून पसरवा, खरं रक्त लाल उतरतं. आणि उलटी बाजू पण लक्षात ठेवा, आयमेरियाच्या सगळ्या जाती रक्त पाडत नाहीत, काहींत नुसती पातळ, शेंबडी हगवण असते आणि पिल्लं वाढतच नाहीत. हिरवी हगवण, वर घरघर आणि मान वाकडी होत असेल तर हे दोन्ही नाही, राणीखेत हा विषाणूचा आजार असू शकतो, लगेच डॉक्टरला बोलवा.

शिट तपासून घ्यायला कंटाळू नका, पण रिपोर्ट वाचायला शिका. तब्येतीने ठणठणीत कोंबडीच्या शिटेत आयमेरियाची थोडी अंडी सापडली म्हणून सगळ्या खुराड्याला औषध पाजणं म्हणजे कागदाचा इलाज. आणि कॉक्सीत रक्त आधी दिसतं, अंडी शिटेत नंतर येतात, त्यामुळे रक्त दिसतंय आणि रिपोर्ट निल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एखादं पिल्लू मेलंच तर ते पुरण्याआधी व्हेटकडे पोस्टमॉर्टमला न्या. आंधळ्या आतड्याच्या दोन्ही पिशव्या रक्ताने टम्म फुगलेल्या दिसल्या की वाद संपला. जंत असतील तर तेही तिथेच दिसतील.

खुराड्याचं म्हणाल तर जंतुनाशकावर भरवसा ठेवू नका, आयमेरियाच्या अंड्यांचं कवच नेहमीच्या फवारणीला दाद देत नाही. पण ती शिटेतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत, तयार व्हायला त्यांना ऊब, ओल आणि एक-दोन दिवस लागतात. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचला, भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगा.

जंतांत एकच भानगड आहे. शिटेत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, त्याला पायपरॅझिन लागू पडत नाही, प्राझिक्वाँटेल लागतं. आणि औषध कुठलंही असो, कोंबडी अंड्यावर असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरला विचारून घ्या. कॉक्सीवर देतात ती सल्फाची औषधं अंड्यात उतरतात, आणि कॉक्सीवरचंच दुसरं औषध टोल्ट्राझुरिल तर खायच्या अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना द्यायचंच नसतं.