व्हॅरम पर्सी: प्लेग नाही, मेंढ्या

इंग्लंडमधलं ओसाड पडलेलं जुनं गाव म्हटलं की लोक लगेच म्हणतात, प्लेगमध्ये सगळे मेले असणार. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या व्हॅरम पर्सीबद्दल पण हेच ऐकायला मिळतं. पण प्लेग आला १३४८-४९ मध्ये, आणि गाव त्यानंतर दीडेकशे वर्षं नांदत होतं!

झालं असं की प्लेगनंतर माणसं कमी, मजुरी महाग, आणि लोकरीला भाव चांगला. नांगरटीला डझनभर हात लागतात, मेंढ्यांना एक धनगर पुरतो, मग जमीनदारानं हिशोब केला आणि साधारण १५०० च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबं पण हुसकावून घरं पाडली. कुरण झालं म्हणून पुढे तिथे नांगर फिरला नाही आणि गवताखाली घरांचे चौथरे, रस्त्यांच्या खुणा तशाच राहिल्या.

१९५० मध्ये मॉरिस बेरेसफर्ड तिथे फावडं घेऊन उतरले. हा माणूस पुरातत्त्ववाला नव्हेच, आर्थिक इतिहासाचा अभ्यासक, त्याला फक्त गाव नक्की कधी उठलं ते खापरांवरून बघायचं होतं. लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट येऊन मिळाले आणि दर उन्हाळ्यात काही आठवडे असं करत खोदकाम १९९० पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं चाललं. तोवर राजवाडे, किल्ले, मठ खणायचे, कुळाचं घर कोण खणतंय? इथे भलेमोठे पट्टे एकदम उघडून शेतकऱ्यांची घरं थराथरानं तपासली. आधी वाटलं होतं की ही घरं कच्ची, दर पिढीला नवी बांधावी लागायची. नंतर पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट व्रॅथमेल यांनी तेच पुरावे परत तपासून दाखवलं की लाकडी सांगाडा चांगला मजबूत असायचा, बदलायच्या त्या फक्त भिंती. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण गरीब म्हणजे घर मोडकंच असणार हे आपण न बघताच ठरवून टाकतो.

चर्च मात्र आसपासच्या वस्त्यांचं पण होतं, म्हणून गाव उठल्यावरही शतकानुशतकं चालू राहिलं. आता छप्पर नाही, १९५९ मध्ये मनोऱ्याचा पण काही भाग कोसळला.

हाडांचं प्रकरण वेगळंच. स्मशानात नाही, गावातल्याच खड्ड्यात सापडलेली निदान दहा जणांची हाडं, ११ व्या ते १४ व्या शतकातली, सुरीचे घाव असलेली, तोडलेली, जाळलेली. दुष्काळात माणसं खाल्ली असतील का, हा पण विचार झाला, पण घाव बहुतेक डोक्या-मानेपाशी, म्हणून २०१७ मध्ये अभ्यासकांनी मेलेला उठून परत येऊ नये यासाठी केलेला बंदोबस्त हेच कारण जास्त पटतं असं मांडलं. बरं, कुणी परके असतील म्हणावं, तर दातांच्या तपासणीत निघाली ती इथलीच माणसं.