गोंगफू चहा

ऊलाँग चहा करण्याची दक्षिण चीनमधील पारंपरिक रीत. पत्ती भरपूर, पाणी थोडे आणि मुरायला काही सेकंदच, असे तिचे सूत्र आहे. एकदा घातलेल्या पत्तीवर सात-आठ वेळा, चहा उत्तम असेल तर त्याहूनही अधिक वेळा पाणी ओततात आणि दर वेळचा चहा घोटभर मावेल अशा पेल्यांतून पितात. ही रीत ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाचा चाओझोऊ परिसर, दक्षिण फुजियान आणि वूयी डोंगर या पट्ट्यात रुजली आणि तिथल्या माणसांबरोबर तैवान व आग्नेय आशियात गेली. ‘गोंगफू’ म्हणजे कामाला दिलेला वेळ आणि त्यातून हाताला आलेले कसब. ‘कुंग फू’ हे त्याच शब्दाचे आपल्या परिचयाचे रूप. चाओझोऊच्या बोलीत या चहाला ‘कांग-हू-ते’ म्हणतात. त्यातला ‘ते’ म्हणजे चहा. फुजियानच्या किनाऱ्यावरील याच बोलीकुळातला शब्द डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला आणि इंग्रजीत त्याचा ‘टी’ झाला. मराठीतला ‘चहा’ मात्र ‘चा’ या दुसऱ्या चिनी उच्चाराच्या घराण्यातला.

ही रीत ऊलाँगसाठीच का, याचे उत्तर पानात आहे. खुडलेली पाने उन्हात कोमेजू देतात, मग बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपांत हलवतात. त्यामुळे पानांच्या कडा खरचटतात आणि तिथला रस हवेशी संयोग पावून तांबूस होतो. चिरलेले वांगे काळे पडते त्यामागे असते तीच ही क्रिया. ऊलाँगला ‘अर्धकिण्वित’, म्हणजे अर्धवट आंबवलेला, म्हणण्याची सवय पडली आहे, पण ते बरोबर नाही: यात जंतूंचे काही काम नसते, हे ऑक्सिडीकरण आहे. ते मधेच, कढईच्या उष्णतेने थांबवतात, म्हणून ऊलाँग हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. पाने नंतर वळून वाळवतात आणि अनेक प्रकार कोळशाच्या मंद आचेवर भाजतातही. एवढ्या टप्प्यांतून गेलेल्या पानातले वास एकदम बाहेर पडत नाहीत. आधी भाजल्याचा वास, मग फुलांचा, मग फळांसारखा गोडवा आणि शेवटी नुसती मधुर गोडी असे ते टप्प्याटप्प्याने येतात. मोठ्या किटलीत पाच मिनिटे मुरवल्यास हे सारे एकत्र कालवले जाते. गोंगफू चहाची खरी कामगिरी म्हणजे हे वास सुटे करून देणे.

चीनमध्ये सोंग घराण्याच्या काळात चहाच्या दाबून केलेल्या वड्यांची पूड पाण्यात घुसळून पीत. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३९१ मध्ये दरबारी नजराण्यातील चहाच्या वड्या बंद केल्या आणि सुटी पाने मुरवण्याची चाल पसरली. छोट्या भांड्यांतल्या चहाचे एक जिवंत वर्णन कवी युआन मेइ याने केले आहे. वूयीचा चहा त्याला पूर्वी काढ्यासारखा कडू वाटे. १७८६ मध्ये तो वूयीला गेला तेव्हा अक्रोडाएवढ्या पेल्यांत त्याच्यापुढे चहा आला. आधी वास घ्यायचा, मग घोट जिभेवर घोळवायचा, हे तो तिथे शिकला आणि त्याचे मत पालटले.

चाओझोऊच्या परंपरेत चार वस्तू महत्त्वाच्या मानतात: मातीची शेगडी, पाण्याची लहान किटली, यीशिंग या गावच्या मातीची मुठीत मावणारी चहादाणी आणि पातळ पांढरे पेले. शेगडीत चिनी ऑलिव्हच्या बियांचा कोळसा घालतात. त्याचा धूर जवळजवळ होत नाही. चहादाणीऐवजी ‘गैवान’ हा झाकणाचा वाडगाही चालतो. घरी करून पाहायचे तर तोच घ्यावा, कारण त्यात पाने डोळ्यांसमोर राहतात.

साधारण १०० मिली पाण्याच्या गैवानला ७-८ ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे वाडगा कोरड्या पानांनीच बराचसा भरतो. आधी रिकामे भांडे उकळत्या पाण्याने तापवतात. ऊन भांड्यात पत्ती पडली की झाकण लावून एकदा हलवावे आणि नाकाशी न्यावे. ओला होण्याआधीचा हा वास पुन्हा मिळत नाही. पाणी नुकते उकळीला आलेले हवे. ते उंचावरून, कडेकडेने ओततात. वर येणारा फेस झाकणाच्या कडेने निपटून काढतात. मग आठ-दहा सेकंदांत चहा ओतून घ्यायचा, आणि या वेळी हात खाली, पेल्यांना लागून ठेवायचा म्हणजे वास उडत नाही. पुढच्या प्रत्येक पाण्याला थोडा थोडा वेळ वाढवतात. सगळ्यात महत्त्वाचे, भांड्यात थेंबही मागे ठेवायचा नाही. राहिलेल्या पाण्यात पाने मुरत राहतात आणि पुढचा पेला कडवट होतो. पहिले पाणी फेकावे की प्यावे यावर मतभेद आहेत. तिएग्वानयिनसारख्या घट्ट गोळी वळलेल्या पत्तीला ते पाणी उघडायला मदत करते. फेंगहुआंग डोंगरावरच्या लांब पातीच्या डानत्सोंग चहाचे मात्र ते फेकणे म्हणजे उत्तम वास मोरीत ओतणे.

पेले पारंपरिक रीतीने तीनच, एकमेकांना चिकटवून ठेवलेले. चहा एकेक पेला भरून ओतत नाहीत. धार तिन्हींवरून गोल फिरवतात, म्हणजे सर्वांना सारखा कडकपणा मिळतो. याला ‘सेनापती ग्वान यू शहराची गस्त घालतो’ म्हणतात. उरलेले गडद थेंब एकेका पेल्यात मोजून टाकणे म्हणजे ‘हान शिन शिपाई मोजतो’. हान शिन हाही जुना चिनी सेनापती. चहादाणीतून आधी ओतून मग पेल्यांत चहा वाटण्यासाठीचे मधले भांडे आणि वास घेण्याचा उंच पेला या तैवानमधल्या अलीकडच्या भरी आहेत.

चाओझोऊचा गोंगफू चहा २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आला, आणि २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या चहापरंपरांची जी एकत्रित नोंद केली तिच्यातही तो आहे. पण त्याला सोहळा समजणे चूक ठरेल. तिथे तो दुकानाच्या गल्ल्याशेजारी, दारात, दिवसातून कितीतरी वेळा होतो. चहापत्तीला तिथले लोक ‘ते-बी’, म्हणजे चहा-तांदूळ, म्हणतात. माणसे चार-पाच असली तरी पेले तीनच. आधी पाहुणा आणि वडीलधारी, यजमान शेवटी, आणि दर फेरीला पेले उकळत्या पाण्याने धुऊन पुन्हा भरायचे. मधेच नवा पाहुणा आला तर जुनी पाने कितीही चांगली असोत, ती काढून नवी पत्ती घालतात.