लिटर, बार, किलो, मेगाज्यूल: फॉर्म्युला वनमधल्या टर्बोची पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जाच कामी येते. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेने हवेत जाते. या वाया जाणाऱ्या गरम झोतावर भिंगरी फिरवायची, तिच्याच दांड्यावर दुसरी भिंगरी बसवायची आणि तिच्या जोरावर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबायची, ही कल्पना, म्हणजेच टर्बो, आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. तिचं पेटंट 1905 सालचं आहे. हवा जास्त म्हणजे इंधनही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन कितीतरी जास्त ताकद देतं. सुपरचार्जरही हवा कोंबतो, पण त्याला लागणारी ताकद तो इंजिनाच्या क्रँककडूनच घेतो. टर्बो मात्र उकिरड्यावर टाकलेल्या मालावर जगतो.

टर्बो आधी रुळला तो विमानं, जहाजं आणि ट्रकमध्ये. शर्यतीत तो पहिल्यांदा ठळकपणे दिसला 1952च्या इंडियानापोलिस 500मध्ये, आणि तोही डिझेल इंजिनावर. कमिन्स कंपनीच्या 6.6 लिटरच्या टर्बो डिझेल गाडीने फ्रेड अगाबाशियनच्या हातून चक्क पोल पोझिशन (शर्यत सुटतानाची पहिली जागा) घेतली. (कोथरूडकरांना हे नाव वेगळं सांगायला नको, किर्लोस्करांबरोबर कमिन्स पुण्यात आली ती त्यानंतर दहा वर्षांनी, 1962 साली.) शर्यतीत मात्र 71 फेऱ्यांनंतर गाडी थांबली. ट्रॅकवर उडणारे टायरच्या रबराचे तुकडे टर्बोच्या हवेच्या तोंडाशी साचले आणि इंजिनाचा श्वासच कोंडला. एवढं मोठं इंजिन चाललं कसं, तर डिझेलला मोठ्या आकाराची मुभा नियमांतच होती. पुढच्या सत्तर वर्षांत टर्बोचं जे जे झालं, त्याची किल्ली इथे आहे. नियमपुस्तिका काय मोजते आणि काय मोजायचं विसरते, यावर टर्बोचं नशीब फिरत राहिलं.

अमेरिकेत तो लवकर स्थिरावला. 1968 साली बॉबी अन्सरने टर्बो इंजिनावर इंडी 500 जिंकली. 1973च्या कॅन-ॲम मालिकेत पोर्शेची 917/30 हजाराहून जास्त अश्वशक्ती घेऊन धावत होती, आणि 1976 साली पोर्शेच्याच 936 गाडीने फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनमध्ये मात्र सामसूम होती.

वास्तविक दार 1966पासून उघडंच होतं. त्या वर्षीच्या नियमांनी नैसर्गिक श्वासाच्या (टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या) इंजिनाला 3 लिटरची मर्यादा घातली आणि हवा कोंबणाऱ्या इंजिनाला 1.5 लिटरची. निम्म्या आकाराचं इंजिन घेऊन कोण कशाला उतरेल, असा सगळ्यांचा हिशेब. शिवाय फोर्डच्या पैशावर तयार झालेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे व्ही-8 इंजिन विकत मिळत होतं आणि जिंकतही होतं. अकरा वर्षं त्या कलमाकडे कुणी गांभीर्याने पाहिलं नाही. नियम सीसी मोजत होता, हवेचा दाब मोजत नव्हता, हे रेनोने हेरलं. आपल्याकडच्या गाडीबाजारात हाच खेळ रोज दिसतो: चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी, म्हणून 1 ते 1.2 लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांची रांग लागली आहे.

16 जुलै 1977 रोजी सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीत रेनोची पिवळी आरएस01 उतरली. चालक झाँ-पिएर झाबुई हा स्वतःही अभियंता वृत्तीचा माणूस. गाडी एकविसाव्या क्रमांकावरून सुटली आणि शर्यत पुरी करू शकली नाही. पुढे कितीतरी शर्यतींत हेच झालं: पिस्टन वितळायचे, टर्बो निकामी व्हायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडत गाडी कडेला लागायची. प्रतिस्पर्धी संघाचा मालक केन टिरेलने तिला ‘पिवळी चहाची किटली’ म्हणून टाकलं आणि पॅडॉकमध्ये ते नाव चिकटलं.

धुरापेक्षाही मोठा त्रास होता तो टर्बो लॅगचा. वळणावर चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की एग्झॉस्टचा झोत मंदावतो आणि टर्बाइन (त्या झोतावर फिरणारी भिंगरी) सुस्तावतं. पुन्हा पाय दाबला तरी ते वेगात येईपर्यंत इंजिन जवळजवळ मेलेलं असतं, आणि मग सगळी ताकद एकदम, धक्क्यासारखी येते. म्हणून झाबुईला वळणाच्या मध्यावरच, गाडी अजून वळत असताना, पाय दाबावा लागे. अंदाज अर्ध्या सेकंदाने चुकला तर मागची चाकं घसरलीच. हातातला वेग आणि पायातला वेग यांची फारकत करणारं हे चालवणं त्या पिढीला नव्याने शिकावं लागलं.

पहिली चुणूक दिसली ती 1979च्या आरंभी, दक्षिण आफ्रिकेत. क्यालामीचा ट्रॅक समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. विरळ हवेत बाकीच्या इंजिनांना धाप लागली. टर्बोला मात्र ती हवा दाबून घेता येत होती. झाबुईने पोल घेतली. मग एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो आले (लहान टर्बाइन लवकर वेग घेतं) आणि 1 जुलै 1979 रोजी दिजाँला रेनो जिंकली. गाडी फ्रेंच, चालक फ्रेंच, मिशलँचे टायर फ्रेंच, इंधन एल्फ या फ्रेंच कंपनीचं, ट्रॅकही फ्रान्सचाच. गंमत अशी की त्या दिवसाची आठवण निघते ती दुसऱ्या क्रमांकासाठी रेनोचाच रेने आर्नू आणि फेरारीचा जिल व्हिलनव यांनी चाकाला चाक घासत दिलेल्या झुंजीची. जिंकलेला झाबुई त्या गोष्टीत कोपऱ्यात उभा राहतो.

त्यानंतर सगळेच टर्बोमागे धावले. फेरारीने 1982 साली टर्बोवर संघांचं विजेतेपद मिळवलं. 1983 साली ब्रॅबम-बीएमडब्ल्यूचा नेल्सन पिके हा टर्बोवरचा पहिला जगज्जेता चालक ठरला, आणि रेनो, जिने हे सगळं सुरू केलं, ती हात चोळत बसली.

बीएमडब्ल्यूच्या त्या इंजिनाजवळ थोडं थांबायला हवं. पाउल रोशे यांनी घडवलेलं हे चार सिलिंडरचं इंजिन रस्त्यावरच्या साध्या बीएमडब्ल्यूच्या ओतीव लोखंडी ब्लॉकवर उभं होतं. रोशेंना कोऱ्या ब्लॉकपेक्षा वापरलेले ब्लॉक पसंत, कारण तापून-निवून त्या धातूतले ताण आधीच निघून गेलेले असत. अशा ब्लॉकमध्ये 1986च्या क्वालिफाइंगला (सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांना) साडेपाच बारपर्यंत दाबाने हवा भरली जाई; एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब. ताकद किती? इंजिनाची ताकद मोजणारा टेस्ट बेंच 1280 अश्वशक्तीच्या वर मोजूच शकत नव्हता, त्यामुळे ‘1300च्या पुढे’ एवढंच म्हणायचं. तेही दीड लिटरमधून! असं इंजिन दोन-चार फेऱ्या टिकलं तरी पुरे. शनिवारी वापरायचं, रविवारसाठी दुसरं बसवायचं. एवढ्या दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून टोल्युइन या रसायनाचं प्रमाण भरपूर असलेलं खास इंधन बनवून घेतलं जाई.

नियमकर्त्यांनी मग टाकी मोजायला घेतली. 1984पासून शर्यतीला 220 लिटर इंधन आणि मध्ये भरायला बंदी. 1986 साली ती मर्यादा 195 लिटरवर आली. संघांनी काय करावं? इंधन शून्य अंशाच्या खालपर्यंत थंड करून आकसवलं आणि त्याच टाकीत थोडं जास्त बसवलं. नियम लिटर मोजतो ना, मग लिटर तेवढेच ठेवू!

या काटकसरीचं खरं नाट्य 1985 साली इमोलात घडलं. शेवटच्या काही फेऱ्यांत आघाडीवरच्या आयर्टन सेनाची टाकी कोरडी पडली. फेरारीचा स्टेफान योहानसन पुढे आला, इटालियन प्रेक्षकांनी आरोळी ठोकली, तेवढ्यात त्याचीही संपली. मॅक्लारेनचा ॲलाँ प्रोस्त पहिला आला, पण तपासणीत गाडी किमान वजनापेक्षा 2 किलो हलकी भरली आणि तो बाद झाला. विजय गेला लोटसच्या एलिओ दे अँजेलिसकडे. ज्यांना शर्यत म्हणजे निव्वळ पाय दाबणं वाटतं, त्यांनी ही शर्यत जरूर पाहावी. प्रोस्तने मॅक्लारेनच्या टॅग-पोर्शे इंजिनावर सलग दोन विजेतेपदं (1985 आणि 1986) मिळवली ती ताकदीइतकीच थेंबाथेंबाच्या हिशेबावर.

1986चा मे महिना वाईट होता. कॉर्सिका रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची लान्सिया डेल्टा एस4 दरीत जाऊन पेटली. त्या गाडीत सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही होते. दोनच आठवड्यांत दे अँजेलिसचा पॉल रिकार ट्रॅकवरच्या चाचणीतल्या अपघातात जीव गेला. त्या अपघाताचं कारण निखळलेला मागचा पंख होता, इंजिन नव्हे. पण गाड्या हाताबाहेर चालल्यात ही भावना दोन्हीकडे एकदमच बळावली. रॅलीतला ग्रुप बी, म्हणजे डेल्टा एस4सारख्या गाड्यांचा वर्ग, त्या वर्षाअखेर संपला. फॉर्म्युला वनने टर्बोचा गळा हळूहळू आवळला: 1987 साली दाब 4 बारवर, 1988 साली 2.5 बारवर आणि इंधन 150 लिटर. टर्बो नसलेल्या 3.5 लिटरच्या इंजिनांना इंधनाची मर्यादाच नव्हती. म्हणजे 1988 साली टर्बोने हरावं अशीच मांडणी होती. झालं उलटंच. मॅक्लारेनला इंजिन देणाऱ्या होंडाने त्या दीडशे लिटरमध्येच सगळं बसवलं आणि सेना-प्रोस्तच्या संघाने 16पैकी 15 शर्यती घेतल्या. सोळावी, मॉन्झाची, बर्गरच्या फेरारीने जिंकली, तीही टर्बोच. 1989पासून टर्बोवर बंदी आली.

मधली पंचवीस वर्षं व्ही-12, व्ही-10, व्ही-8च्या किंकाळीची. भारतातल्या तिन्ही ग्रां प्री, बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013, याच काळातल्या. पुढच्याच वर्षी टर्बो परतला आणि भारताचं नाव वेळापत्रकातून गेलं, त्यामुळे टर्बोच्या जमान्यातली एकही ग्रां प्री आपल्याकडे झालेली नाही.

2014चा टर्बो मात्र वेगळ्या अटींवर आला. 1.6 लिटरचं व्ही-6, शर्यतीला 100 किलो इंधन आणि कोणत्याही क्षणी ताशी 100 किलोपेक्षा जास्त प्रवाह नाही. आता मोजणी वजनावर, त्यामुळे थंड करून आकसवण्याची जुनी युक्ती निकालात. दाबाला वेगळी मर्यादा घालण्याची गरजच उरली नाही. जास्त हवा कोंबून करणार काय, तिला पुरेसं पेट्रोलच नाही! प्रवाहाचा सेन्सर किती कडक, ते पहिल्याच शर्यतीत कळलं. मेलबर्नला दुसरा आलेला डॅनियल रिकार्डो याच कलमाखाली बाद झाला.

या इंजिनाचा जीव होता टर्बोच्या दांड्यावर बसवलेली एक विजेची मोटर, एमजीयू-एच. पाय सुटला की ती टर्बाइन फिरतं ठेवते, म्हणजे झाबुईला छळणारा लॅग संपला. आणि एग्झॉस्टमध्ये गरजेपेक्षा जास्त जोर असेल तेव्हा तीच जनरेटर होऊन वीज करते. मर्सिडीजने कॉम्प्रेसर (हवा कोंबणारी भिंगरी) इंजिनाच्या पुढे आणि टर्बाइन मागे ठेवून मधून लांब दांडा नेला. गरम आणि थंड भाग दूर झाले. त्या वर्षी त्यांनी 19पैकी 16 शर्यती जिंकल्या. 2017 साली मर्सिडीजने जाहीर केलं की टेस्ट बेंचवर त्यांच्या इंजिनाने 50 टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठली, म्हणजे इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा कामी आली. आवाज बसला म्हणून प्रेक्षक कुरकुरले, पण अभियांत्रिकी म्हणून पाहिलं तर पेट्रोल इंजिनाने गाठलेल्या सर्वांत उंच शिखरांपैकी हे एक आहे, आणि त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

2026च्या नियमांत टर्बो राहिला, एमजीयू-एच गेली. कारण दिलं गेलं की ती महागडी, गुंतागुंतीची आणि रस्त्यावरच्या गाड्यांना निरुपयोगी आहे. शेवटचा मुद्दा मला अर्धाच पटतो. पोर्शेने 2024 साली 911 जीटीएसमध्ये जवळपास तशीच विजेची मोटर टर्बोवर बसवली. पण ती वगळल्याशिवाय ऑडीसारख्या नव्या कंपन्यांना आत येणं जड होतं, हे खरं. रेनोने मात्र 2025अखेर स्वतःचं फॉर्म्युला वन इंजिन बनवणं थांबवलं. त्यांच्याच अल्पीन संघाच्या गाडीत आता मर्सिडीजचं इंजिन आहे.

चाकांना जोर देणारी दुसरी मोटर 120 किलोवॉटवरून 350 किलोवॉटवर गेली आहे. इंधन शाश्वत स्रोतांतून आलेलं असावं लागतं, आणि अशा प्रत्येक इंधनात किलोमागे ऊर्जा कमी-जास्त असते, म्हणून प्रवाह आता किलोत न मोजता ऊर्जेत मोजला जातो: ताशी 3000 मेगाज्यूल. लॅगही परतला आहे. शर्यत सुटण्याआधी टर्बाइन वेगात आणायला चालकांना जागेवरच इंजिन जोरात फिरवत ठेवावं लागतं, आणि टर्बो लहान ठेवायचा की मोठा, या 1979च्या प्रश्नावर अभियंते पुन्हा डोकं खाजवताहेत.